आठांच्या मधला एक

आमच्या ह्यांना दुखलं तरी हे सांगत नाहीत. लग्न नवंनवं होतं तेव्हा एकदा कपाटाचं दार निखळून ह्यांच्या पायावर पडलं. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. मी धावत आले, "लागलं का हो?" म्हटलं, तर म्हणाले, "काही नाही." पुढे एकदा दाढ किडून गाल सुजला, जेवताना घास एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवत होते, तरी "काही नाही." मी पडले तापट. शिवताना मला सुई टोचली तर खालच्या सायकलवाल्यालासुद्धा कळतं. असल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे बंद दाराला कान लावून बसायचं. आत काय चाललंय ते आपणच ओळखायचं, आणि ओळखायला उशीर झाला तर वन्संची बोलणी खायची. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, त्या आमच्याकडेच असतात. त्यांच्या मते भाऊ सोन्यासारखा आणि मी कजाग. दोन्ही खरं आहे, त्यामुळे मी वाद घालत नाही.

कारखान्यात ह्यांना हळूभाऊ म्हणतात. ज्याने नाव ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं. जेवायला हळू, चालायला हळू, चपला घालायला हळू. पण त्या कामाला असाच माणूस लागतो. तिथे स्फटिक बनवतात, कॅल्शियम फ्लोराइडचे. पांढरी पावडर ग्रॅफाइटच्या भांड्यात घालायची, भट्टीतली हवा पंपाने ओढून घ्यायची, पावडरीचा रस करायचा आणि मग तो इतका सावकाश निववायचा की बघणाऱ्याचा जीव जावा. आठवडेच्या आठवडे चालतं ते. घाई केली तर आत ताण राहतो, आणि बाहेर काढून ठेवलेला ठोकळा कुणी बोट न लावता तडकतो. जमलं तर पाण्यासारखा स्वच्छ निघतो. त्याची भिंगं करतात. साधी काच जो उजेड अडवते तोही त्यातून पार होतो म्हणे. हे भट्टीजवळ बसून असतात, काट्यावर नजर ठेवतात, आणि घरी येऊन चहासुद्धा निवेपर्यंत पीत नाहीत.

एकदा मी बोलून गेले, "एवढं करून शेवटी काचच की." त्या दिवशी ह्यांना पहिल्यांदा भराभर बोलताना ऐकलं. माझा मण्यांचा डबा उघडला, टाचण्या घेतल्या, आणि जमिनीवर बसून काहीतरी रचायला लागले. मी एका झग्याचं मणीकाम घेतलं होतं, ते तसंच पडलं. म्हणाले, काचेत सगळी बाजारासारखी गर्दी, कुणी कुठेही उभं. स्फटिकात प्रत्येकाची जागा ठरलेली. हिरवे मणी म्हणजे फ्लोरिन, पांढरे म्हणजे कॅल्शियम. हिरव्या मण्यांची एक चौकोनी खोली केली, आठ कोपऱ्यांत आठ मणी, आणि मधोमध एक पांढरा बसवला. शेजारची खोली तशीच, पण मधे कुणी नाही. त्याच्या शेजारची पुन्हा भरलेली. वर, खाली, चारी बाजूंना तसंच, एक भरलेली आणि एक रिकामी.

"प्रत्येक कॅल्शियमभोवती आठ फ्लोरिन, आणि प्रत्येक फ्लोरिनला चिकटून चार कॅल्शियम," हे म्हणाले. "कुठूनही बघ, हेच."

"निम्म्या खोल्या रिकाम्या?" मी म्हटलं. "आणि आपण तिघं दोन खोल्यांत. तुमच्या त्या फ्लोरिनला विचारा, एखादी भाड्याने देतो का."

वन्संना हसू आवरेना. ह्यांना नाही आलं. हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "फ्लोरिन सुटा असला तर राक्षस आहे. दिसेल त्याला खातो. पण त्याला कॅल्शियमचं भारी वेड. एकदा कॅल्शियम मिळालं की त्याला असा धरतो की पाण्यातसुद्धा सोडत नाही. म्हणून तर हा दगड गरीब आहे. तोंडात धरलास तरी काही करणार नाही."

वन्संनी लगेच मण्यांवरचा हात मागे घेतला. त्यांना लिफ्टची भीती, कुकरच्या शिट्टीची भीती, त्यात आता राक्षस. ह्यांनी त्यांना कागदांवर वजन म्हणून फुटका स्फटिक आणून दिला होता, आठ बाजूंचा, दोन पिरॅमिड बुडाला बूड जोडून ठेवल्यासारखा. हे म्हणाले, तो तसाच फुटतो, त्याच्या आतल्या थरांवरून, आपण कसाही फोडला तरी. त्या दिवसानंतर वन्संनी तो तुकडा औषधांच्या कागदांवरून उचलून खिडकीबाहेरच्या फळीवर नेऊन ठेवला.

ह्यांना स्वतःला मात्र एकाच गोष्टीची भीती, ती म्हणजे पाण्याची. भट्टीत ओल राहिली तर त्या तापात फ्लोरिन पाण्याच्या नादी लागतो आणि ॲसिडचा वायू तयार होतो. म्हणून भट्टीच्या खोलीत पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ द्यायचे नाहीत. पावडर आधी भाजून कोरडी करायची, दाराच्या रबराला हात लावून बघायचा, मग पुन्हा बघायचा. एवढा जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्याच कारखान्यात पलीकडच्या घासणी खात्यात सगळे निर्धास्त. तिथे ठोकळे घासताना पांढरा गाळ निघतो. तो हातावर, केसांत, चहाच्या कपाच्या कडेला, सगळीकडे. कुणाला काही वाटत नाही, कारण तो बांधलेला फ्लोरिन, गरीब दगडाचं पीठ. बाहेरचा माणूस असता तर तो पांढरा चिखल बघून चार हात लांब राहिला असता. ह्या लोकांना त्याची नस न नस माहीत होती, आणि तिथेच घात झाला.

घासणी खात्यातल्या हौदाचं तोंड तुंबलं. वर्षानुवर्षांचा गाळ खाली बसलेला. भट्टी निवत होती, ह्यांना करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हे म्हणाले, मी बघतो. मोऱ्या साफ करायला सल्फ्युरिक ॲसिड ठेवलेलं असतं ते हौदातल्या पाण्यात ओतलं. कडेला उभे राहिले. मग रबरी हातमोजा घालून तारेने तळाचा गाळ ढवळत बसले, आपल्या नेहमीच्या पद्धतीने, सावकाश. हातमोज्याला बोटांच्या बेचक्यात चीर होती. आत ओलं लागलं तेव्हा ह्यांना वाटलं घाम आहे. मोरी मोकळी झाली, पाणी गळगळ करत गेलं. ह्यांनी हात धुतला. थोडा लाल दिसत होता, पण दुखत नव्हता. खरोखर दुखत नव्हता. हे सगळं मला पुढे ह्यांच्याच तोंडून कळलं, एकेक वाक्य ओढून काढावं लागलं.

दुपारी जेवायला घरी आले आणि चमचा डाव्या हातात धरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"अरे, डाव्या हाताने काय जेवतोस?" वन्सं म्हणाल्या.

"काही नाही गं, ताई."

मी पण त्या दिवशी झग्याच्या गळ्यात अडकले होते, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं, म्हणून म्हटलं, जाऊ दे. जेवण अर्धं टाकून हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. कामावर परत जायची वेळ झाली तरी हलेनात. मी जवळ गेले तर उजवा हात दोन गुडघ्यांच्या मधे दाबून धरलेला, आणि कपाळावरून घाम निथळत होता. पंखा चालू असताना. मी हात ओढून घेतला. बोटं सुजली होती, पण लाल नव्हती. टोकांना पांढरी पडली होती, कपडे धुऊन धुऊन होतात तशी, आणि नखांखाली राखाडी रंग उतरला होता. भाजलेलं मी पाहिलंय, इस्त्रीने चटकलेलं पाहिलंय. हे तसलं नव्हतं.

"जरा ॲसिड लागलं सकाळी. धुतलंय."

वन्संनी पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात मीठ घालून आणलं. ह्यांनी हात बुडवला मात्र, पातेलं फरशीवर खडखडायला लागलं. ह्यांचं अंगच थरथरत होतं. आणि ह्यांच्या तोंडून आवाज निघाला. मोठा नव्हता तो. पण एवढ्या वर्षांत मी तो ऐकलेला नव्हता. झगा मशीनवर तसाच टाकला, खाली धावले, सायकलवाल्याला टॅक्सी थांबवायला सांगितली. टॅक्सीत हे म्हणत होते, "उगीच चाललोय. मलम लावतील आणि सोडतील." वन्सं पुढच्या सीटवर पर्स घट्ट धरून पुटपुटत होत्या. मी ड्रायव्हरला म्हटलं, जोरात घे.

हॉस्पिटलमध्ये तातडीच्या खोलीत एक डॉक्टरीण होती, जाड चष्म्याची, केस वर बांधलेले. तिने हात बघितला आणि विचारलं, "कसलं ॲसिड?"

"मोरीचं. सल्फ्युरिक. पातळ झालेलं होतं."

"त्याने अशी बोटं होत नाहीत. मोरीत काय होतं?"

"काही नाही. आमचा घासणीचा गाळ. कॅल्शियम फ्लोराइड. निरुपद्रवी असतं ते."

डॉक्टरणीचं पेन थांबलं. "त्याच्यावर सल्फ्युरिक ओतलंत?"

मी ह्यांच्याकडेच बघत होते. फळ्यावरचं पुसावं तसा ह्यांचा चेहरा पुसला गेला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, म्हणाले, "फ्लोरिन सुटला गं. मीच सोडला."

मला काही कळलं नाही. डॉक्टरणीने एका बाजूने नर्सला भराभर काय काय आणायला सांगितलं आणि दुसऱ्या बाजूने मला समजावलं. त्या गाळात सल्फ्युरिक पडलं की फ्लोरिनचं ॲसिड होतं, आणि ते कातडीवर थांबत नाही, आत शिरतं. सुरुवातीला कळतसुद्धा नाही. आत गेलं की कॅल्शियम शोधत सुटतं. हाडात असतं ते, मांसात असतं, रक्तात असतं. मिळेल तिथून ओढून घेतं. आणि रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं तर हृदयाचा ठोका चुकतो.

"चुकतो म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे थांबूही शकतो. म्हणून छातीला वायरी लावतेय."

हे आढ्याकडे बघत होते. "तोच स्फटिक," हे म्हणाले. "माझ्या हातात बनतोय आता."

ह्यांनी जमिनीवर रचलेल्या त्या खोल्या डोळ्यांसमोर आल्या. आठ हिरवे, मधे एक पांढरा. ते हिरवे आता ह्यांच्या बोटातून वर वर चालले होते आणि पांढरा दिसला की त्याला घेरत होते. ह्यांना एकेक खोली माहीत होती. मला निदान काही कळत नव्हतं. ह्यांना सगळं कळत होतं, आणि पडल्या पडल्या बघत राहण्याखेरीज काही करता येत नव्हतं.

डॉक्टरणीने एका पातळ हातमोज्यात कॅल्शियमचं जेल भरलं आणि ह्यांचा हात त्यात घातला. मग म्हणाली, बोटात सुईनेही कॅल्शियम घालावं लागेल, आणि हात बधिर करणार नाही. मी भांडायला उठले. म्हटलं, "बाई, माणूस मरतोय दुखण्याने, आणि तुम्ही वर सुया खुपसणार, तेही बधिर न करता?"

तिने माझ्यावर आवाज चढवला नाही. म्हणाली, "बधिर केलं तर मला काहीच कळणार नाही. दुखतंय तोवर ॲसिड आत खातंय. दुखायचं थांबलं म्हणजे कॅल्शियम पोचलं. आत बघायला दुसरी सोय नाही." मग ह्यांच्याकडे वाकून म्हणाली, "काका, आता तुम्हीच मला सांगायचं. जरासं दुखलं तरी सांगायचं. तुमच्या शब्दावर मी औषध देणार."

मला हसावं की रडावं कळेना. जगात एवढी माणसं पडलीत, कण्हणारी, कुंथणारी, डोकं दुखलं तर चार घरं उठवणारी. आणि हिने दुखतंय का म्हणून विचारायचं ते ह्यांना.

सुया गेल्या. बोटांच्या टोकांत, जिथे सगळ्यात जास्त कळतं तिथे. मी शिवणारी बाई, मला सुईचं भय नाही, पण मी तोंड फिरवलं. ह्यांनी हूं का चूं केलं नाही. थोड्या वेळाने डॉक्टरीण आली आणि म्हणाली, "आता कसं आहे?"

"बरं आहे," हे म्हणाले.

"दुखतंय?"

"नाही. काही नाही."

तिचा चेहरा उजळला. कागदावर काहीतरी लिहिलं आणि ती पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेली. वन्संनी "सुटलो बाई" म्हणून डोळे पुसले. मलाही सुटल्यासारखंच वाटायला हवं होतं. मी चादर नीट करायला गेले तर चादरीखाली ह्यांच्या पायांची बोटं दिसली. आत वळवून घट्ट आवळलेली, पांढरी पडेपर्यंत.

"तुम्ही खोटं बोलताय," मी म्हटलं.

"नाही गं."

"माझ्याकडे बघून बोला."

हे बघेनात.

मी पडदा सारला आणि हाक मारली. "डॉक्टर, ह्यांना दुखतंय. खोटं सांगतायत तुम्हाला."

"तू गप्प बस," हे ओरडले. ओरडलेच. "हात माझा आहे का तुझा? दुखतंय मला का तुला?"

सगळी खोली आमच्याकडे बघायला लागली. ह्या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, मी ताट आपटलं तरी नाही. मला लाज वाटली, राग आला, आणि त्या दोन्हींच्या खाली नुसती भीती होती, थंडगार. डॉक्टरणीने पुन्हा विचारलं. हे म्हणाले, दुखत नाही. ती एकदा ह्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. तिचं तरी काय चुकलं? आजारी माणूस नाही म्हणतोय आणि बायको हो म्हणतेय. अशा बायका ती रोज बघत असणार. मला वाटलं, आता ही मलाच बाहेर बसवते, आणि बाहेर बसून मी ऐकणार की आत ह्यांच्या हृदयाचा ठोका थांबला.

तेव्हा पायथ्याशी उभ्या असलेल्या वन्सं बोलल्या. ज्या माझ्या बाजूने कधी म्हणून बोलल्या नाहीत त्या वन्सं. "डॉक्टर, हिचं ऐका. हा लहानपणापासून असाच आहे. झाडावरून पडून हात मोडला तर दोन दिवस बाहीत लपवून हिंडत होता. आई मारेल म्हणून नव्हे हो. आई घाबरेल म्हणून."

डॉक्टरीण नर्सला म्हणाली, "रक्त घे. लगेच पाठव."

मग वाट बघणं. वायरींच्या यंत्रावर एक हिरवी रेघ पळत होती, तिच्याकडे मी डोळे फाडून बघत होते, जसं काही मला त्यातलं कळतं. रेघेची उडी आधी टोकदार होती. मग मला वाटलं दोन उड्यांमधलं अंतर लांबतंय. मग वाटलं, आपल्यालाच भास होतोय. मग यंत्र वाजायला लागलं आणि नर्स धावली, आणि मला कळलं की भास नव्हता. जीव मुठीत धरून मी भिंतीला टेकले. वन्सं तर खालीच बसल्या. डॉक्टरणीने ह्यांच्या डाव्या दंडातल्या शिरेत औषध सोडलं, ओठ मिटून, नजर रेघेवर. मधेच कुणीतरी रक्ताचा निकाल घेऊन आलं. तिने तो वाचला आणि नुसती मान हलवली. कॅल्शियम पार तळाला गेलं होतं.

रेघ हळूहळू पूर्वीसारखी झाली. डॉक्टरणीने घाम पुसला. ह्यांना रागावली नाही ती. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आता सांगा."

ह्यांचे डोळे भरून आले. "दुखतंय," हे म्हणाले. "खूप दुखतंय. सहन होत नाही."

"मघाशी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, दुखतंय म्हटलं तर हात कापतील. भट्टी डाव्या हाताने नाही चालवता येत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि ही भांडत असली तरी फार भित्री आहे हो."

मला हुंदका आला. मी भित्री. असेनच. डॉक्टरीण पुढच्या तयारीला गेली, म्हणाली, आता हाताच्या धमनीतूनच कॅल्शियम सोडू, म्हणजे सगळ्या बोटांत जाईल. मी ह्यांचा डावा हात धरून बसले. तो गार होता. थोड्या वेळाने ह्यांनी विचारलं, "खरं सांग. मी वाचेन ना?"

काही नाही होत तुम्हाला, असं म्हणायला मी तोंड उघडलं. अगदी जिभेवर आलं होतं. आणि मग मला कळलं की मी काय म्हणणार आहे. एवढा तमाशा करून ज्या दोन शब्दांसाठी मी ह्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं, तेच शब्द.

"माहीत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरही सांगत नाही. मला फार भीती वाटतेय."

ह्यांनी डाव्या हाताने माझी बोटं आवळली. मग म्हणाले, "मलाही." आणि जरा वेळाने, "मग मी सांगत राहतो. तू ऐकत राहा."

आणि सांगायला लागले. कधी न बोललेला माणूस, पण काट्यावर नजर ठेवायची सवय, त्यामुळे सांगितलं ते अगदी बारकाईने. अंगठ्यात ठणका आहे, पण कमी. पहिल्या बोटात नखाखाली कुणी पाचर ठोकतंय. मधल्यात हाडापर्यंत. मी ते तसंच्या तसं डॉक्टरणीला सांगे, आणि ती औषधाचा वेग त्यावर ठेवी. संध्याकाळ होईपर्यंत अंगठा थांबला. मग पहिलं बोट ओसरलं. प्रत्येक बोट थांबलं की मी दाराशी बसलेल्या वन्संना खूण करायची आणि त्या हात जोडायच्या.

"करंगळी तर कधीच बरी झाली," हे म्हणाले. "सगळ्यात आधी तीच. दुपारपासून तिने त्रासच दिला नाही."

मला इतका आनंद झाला. म्हटलं, चला, एक तरी शहाणं बोट निघालं. डॉक्टरीण मात्र आनंदली नाही. तिने करंगळी जेलमधून बाहेर काढली, पुसली, आणि ह्यांना म्हणाली, "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

ह्यांनी डोळे मिटले. तिने सुई टोचली. रक्ताचा ठिपका आला नाही. तिने आणखी खाली टोचली. हे शांत पडून होते.

"टोचा ना," हे म्हणाले.

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. मी सुई करंगळीत रुतलेली बघत होते आणि हे डोळे मिटून वाट बघत होते. ती म्हणाली, "ही बरी झालेली नाही. हिचं दुखायचं संपलंय."

दुसऱ्या दिवशी छातीच्या वायरी काढल्या. करंगळी मुळाशी थोडी ठेवून काढावी लागली. हात वाचला, माणूस वाचला. हे पुन्हा भट्टीवर जातात, कारखान्यात आता मोऱ्यांजवळ ॲसिड ठेवत नाहीत. थंडीत उरलेली बोटं ठणकतात, नखांखाली जास्त. सांगायची सवय काही पुरती लागलेली नाही, पण मी विचारलं की आता बोटागणिक उत्तर देतात, आणि मी दिवसातून किती वेळा विचारते ते विचारू नका. वन्सं म्हणतात, ह्या बाईने माझ्या भावाला बडबड्या करून टाकलं.

रात्री कूस बदलताना हे कण्हले की मला लगेच झोप लागते. गप्प पडून राहिले तर मात्र मी उठून बसते आणि अंधारात ह्यांची बोटं एकेक करून दाबत राहते, कुठलंतरी दुखेपर्यंत.